सरासरी काढण्याआधी

कोल्हापूर-पन्हाळा पट्ट्यात रात्रीच्या आकाशाचा एअरग्लो टिपणाऱ्यांचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. पावसाळ्यात गडावर धुके उतरले की कॅमेरे नावापुरते उरतात. बाकीच्या महिन्यांतून चांदण्या रात्री वजा. हाती येते ती भोकाभोकांची नोंद, आणि ती सलग दिसावी म्हणून दोन टोकांत सरळ रेघ ओढून मोकळे होणारे आपल्यात कमी नाहीत. शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावरच आहे, तेव्हा अपुऱ्या मोजमापांचा विषय इथून काढायला हरकत नाही. त्यावरचे धीट उत्तर मात्र क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरवाल्यांनी दिले आहे.

लेझर म्हटले की शिस्तीतला प्रकाश डोळ्यांसमोर येतो. हा लेझर तसा नाही. अंड्युलेटरच्या चुंबकांतून इलेक्ट्रॉनांचा पुंजका जाताना प्रकाश वाढत जातो खरा, पण वाढीची सुरुवात होते पुंजक्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या विस्कळीत जागांतून उठणाऱ्या नॉईजपासून. त्यामुळे एका पल्सचा वर्णपट दुसऱ्यासारखा नाही. सुळक्यांची उंची वेगळी, जागा वेगळ्या. हॅम्बुर्ग परिसरातले ३.४ किलोमीटर लांबीचे युरोपियन एक्सएफईएल २०१७ मध्ये सुरू झाले. तिथे सेकंदाला २७,००० पल्स निघू शकतात, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी.

यावरचा जुना उपाय मोनोक्रोमेटर: हवी ती तरंगलांबी ठेवायची, बाकीची अडवायची. म्हणजे एवढ्या खर्चाने निर्माण केलेल्या फोटॉनांचा मोठा वाटा वाया, आणि उरलेल्यांची तीव्रता पल्सगणिक आणखीच हेलकावणारी. डॅनिएल रॅटनर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा लेझरसाठी मांडलेल्या घोस्ट इमेजिंगचा रोख उलटा आहे. पल्सचा लहरीपणा दाबायचा नाही, मोजायचा. वर्णपटाच्या बाबतीत असे करता येते: नमुन्यावर पडण्याआधी प्रत्येक पल्सचा वर्णपट नोंदवा, नमुन्यातून येणारा एकूण संकेत एका साध्या डिटेक्टरवर घ्या. प्रत्येक पल्स एक समीकरण देते. नमुन्याचे शोषण मोजक्याच जागी ठळक असेल, तर विरळतेची अट घालून ते कमी समीकरणांतूनही सोडवता येते. त्यामागचे गणित कँडेस, रॉम्बर्ग, टाओ आणि डोनोहो यांनी २००६ च्या सुमारास पक्के केले. यंत्राला धक्का न लावता त्याची कामगिरी वाढते, ती अशी.

आपल्याकडे हे अगदी परके नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० डिश आहेत. एका वेळी ४३५ जोड्या. तेवढ्याने फूरिये-पट भरत नाही, तरी चित्र उभे राहते, कारण रेडिओ आकाशाचा बराच भाग रिकामा असतो. असे चित्र काढणारी ह्योगबोम यांची क्लीन पद्धत १९७४ ची आहे. विरळतेची फॅशन आली ती पुष्कळ नंतर.

म्हणून आता पन्हाळ्याच्या नोंदींवर विरळतेची अट घालणारी एल-वन पद्धत चालवा, असे कोणी म्हणेल. इथे थांबायला हवे. लेझरमधली अनियमितता खरोखरच स्वैर आहे. ती या गणिताला मानवते. आपला पावसाळा स्वैर नाही, दरवर्षी ठरल्या महिन्यांत येतो. दिवसही दर २४ तासांनी कॅमेरा बंद पाडतो. नेमकी २४ आणि १२ तासांची भरती वातावरणात शोधायची असताना मोजमापाची खिडकीही त्याच तालावर उघडझाप करत असेल, तर कुठलेही सॉफ्टवेअर ती गाठ उकलणार नाही. फार तर सुबक दिसणारे खोटे शिखर हाती देईल. तिथे दुसरे मोजमापच लागते. कोल्हापूरचा एमएफ रडार दिवसाही वारा मोजतो, पण साधारण ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरचा. एअरग्लोची ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा सुमारे ९७ किलोमीटरवरची, तिच्याशी तो ताडून पाहता येईल; २५० किलोमीटरच्या आसपासच्या ६३० च्या तांबड्या रेषेशी नाही. ही उंची न पाहता दोन आलेख एकावर एक चढवलेले लेख आमच्याकडे येतात, हे सांगायला संकोच वाटतो.

दुसरी खोड सरासरीची. डिस्कची जागा वाचावी म्हणून किंवा आलेख देखणा व्हावा म्हणून आपण मिनिटांची, तासांची सरासरी ठेवतो आणि मूळ नोंद पुसून टाकतो. लेझरवाल्यांनी हजारो पल्सची सरासरीच तेवढी ठेवली असती तर वर्णपट गुळगुळीत झाला असता आणि सोडवायला समीकरणच उरले नसते. लहर मोजलेली असेल तरच उपयोगी पडते. तीही अचूक मोजलेली हवी: स्पेक्ट्रोमीटरची चूक थेट मॅट्रिक्समध्ये शिरते, आणि ती नेहमीच्या डिटेक्टर-नॉईजसारखी सहज निवळत नाही.

पुढच्या अंकापासून विरळ पुनर्रचनेवरच्या लेखांसोबत आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत: सरासरीआधीची कच्ची नोंद, नियामक स्थिरांक कसा निवडला त्याचा खुलासा, आणि त्याच खिडकीतून कृत्रिम संकेत घालून काढलेले उत्तर. शेवटची चाचणी साध्या लॅपटॉपवर होते. तिच्याविना आलेला लेख परीक्षकांकडे जाणार नाही.