पायाला कळणारे वास्तव

साहित्याच्या वर्गात वास्तवाभासाची चर्चा निघाली की ती बहुधा डोळ्यांपाशी येऊन थांबते: वर्णन किती हुबेहूब, पात्र किती ‘दिसते’. आमच्या येरवड्याच्या घरात भाच्याने संगणकावरील मोटारशर्यतीचे जे बिऱ्हाड मांडले आहे, त्याने या गृहीताविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न केली. आधी मोठा पडदा आला, मग स्टिअरिंग. पेडल मात्र स्टिअरिंगच्या खोक्यातच आलेली. खर्चाचा हा क्रमच उलटा आहे, असे आमचे मत.

साध्या ब्रेकखाली स्प्रिंग असते आणि पेडल किती खाली गेले एवढेच तेथे मोजले जाते. खऱ्या मोटारीत पॅड डिस्कला टेकले की पेडल फारसे हलत नाही. पुढचे सारे काम दाबाच्या कमीअधिकपणाचे. लोडसेलची पेडल हा दाबच मोजतात: धातूवर ताण पडला की त्याला चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि तो संगणकाला कळतो. वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू ढिला करायचा, हे या खेळातले खरे कसब. स्प्रिंगवर ते दर वळणाला नव्याने शोधावे लागते.

नुसते खेळापुरते असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण आळंदी रस्त्याच्या परिवहन कार्यालयात परवान्यासाठी जाण्यापूर्वी भाचा शिकवणीच्या गाडीत बसला आणि सवयीने ब्रेकचा तळ शोधू लागला. गाडी जागीच थबकली. “अरे बाबा, ब्रेक आहे तो, पायपंप नव्हे!” शिक्षक ओरडले. खोटे अनुकरण नुसते अपुरे नसते, ते अंगवळणी पडते.

पायाच्या शिक्षणाचा एक जुना प्रसंग येरवड्यातच घडलेला आहे. १९३२ साली येथील तुरुंगात कोपर दुखू लागल्यावर गांधीजी पायाने चालवायच्या मगन चरख्याकडे वळले. त्यात हात सुतासाठी मोकळे राहतात खरे, पण हाताला सहज येणारी लय पायाला मुळापासून शिकवावी लागते.

मग घ्यावे काय? नेदरलँड्सच्या ह्यूसिंकवेल्डची, शंभर किलोंहून अधिक जोर सोसणारी पेडल मोहात पाडतात. त्यांच्यामागे पोलादी चौकट हवी, हे कोणी आधी सांगत नाही. चाकांच्या खुर्चीत बसून आम्ही एका मित्राची तसली पेडल दाबून पाहिली आणि थेट त्याच्या पुस्तकांच्या कपाटावर जाऊन आदळलो; विश्वकोशाचे दोन खंड खाली आले. ॲक्सिलरेटरवर पैसे ओतू नयेत, खऱ्या गाडीतही तेथे स्थितीच मोजली जाते. आजच्या बहुतेक शर्यतगाड्यांत गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलतात, तेव्हा क्लचही वगळावा. मध्यम ताकदीचा, रबराच्या चकत्या बदलता येणारा लोडसेल ब्रेक घ्यावा आणि उरलेले पैसे चौकटीवर घालावेत.

आमची चौकट फॅब्रिकेशनवाल्याने आठवड्यात करून दिली. भाच्याने पूर्ण ब्रेकसाठी चाळीस किलोंचा दाब ठरवला आहे. आमच्यासाठी तो निमूटपणे पंचवीसवर आणतो.