शिंप्याने कापड तरी परत द्यावे!

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. पण माझे भांडण घरातल्या कोणाशी नाही, भाऊबंदांशीही नाही. ते आहे मोबाइलवरची अ‍ॅप काढणाऱ्या कंपन्यांशी. तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट पुढे ओढून ते खुशाल ऐकावे.

मी शाळामास्तर, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. सहा वर्षे माझी टिपणे मी एका अ‍ॅपमध्ये ठेवीत होतो. बाजारात कानी पडलेला एखादा ठसकेबाज शब्द, एस.टी.त भेटलेल्या म्हातारीची हकीकत, सारे तिथे. एके दिवशी निरोप आला : आमचा प्रवास येथे संपत आहे, आपल्या प्रेमाबद्दल आभार. मुदत तीस दिवसांची. आणि दिवस वार्षिक परीक्षेचे पेपर तपासण्याचे! धावपळ करून फाइल उतरवून घेतली, तो मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. कोऱ्या उत्तरपत्रिकेला मी शून्य तरी देतो. या प्रश्नचिन्हांना काय देऊ?

हे माझ्या एकट्याचे रडगाणे असते, तर या पानांवर आणले नसते. गूगलचे 'रीडर' २००५ साली निघाले. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन ते एका जागी आणून देई. वापर घटला, असे सांगून १ जुलै २०१३ रोजी ते बंद केले. लाखाहून अधिक लोकांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या; त्या वाया गेल्या. ज्या ऑर्कुटवर आपल्याकडच्या कितीतरी तरुणांनी हरवलेले शाळासोबती शोधून काढले, त्यालाही ३० सप्टेंबर २०१४ रोजी कुलूप लागले.

त्याहून चमत्कारिक कथा 'वंडरलिस्ट'ची. कामांच्या याद्या ठेवण्याचे हे सुबक अ‍ॅप बर्लिनमध्ये जन्मले. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली ते विकत घेतले. पुढे ते बंद होणार, हे दिसत असताना त्याचे एक जनक ख्रिस्तियान रेबर यांनी २०१९ साली जाहीरपणे सांगितले, मला ते परत विकत द्या. लेक नांदवायची नसेल तर माहेरी धाडा, म्हणणाऱ्या बापासारखेच हे! सासर बधले नाही. ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट संपले. याद्या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेण्याची सोय केली होती, हे खरे. पण चालते-बोलते साधन गेले ते गेलेच.

कोणी म्हणेल, "मास्तर, फुकट तर मिळत होते!" फुकट? आम्ही जाहिराती पाहिल्या, आमची माहिती दिली आणि सर्वांत मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे सवय. दुकान बंद करण्याचा कोणाचाही हक्क मी नाकारीत नाही. पण दुकान मोडणारा शिंपीसुद्धा गिऱ्हाइकाचे कापड परत करतो. येथे मेख अशी, की अ‍ॅप आपल्या हातात दिसते, पण आपला ऐवज बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असतो. तिकडची कळ बंद झाली, की इकडे नुसते दार उरते.

आणि बंद पडलेली वस्तू लोकांच्या हाती देताच येत नाही, असे थोडेच आहे? त्रिमिती चित्रे करण्याचे 'ब्लेंडर' हे साधन घ्या. ते काढणारी नेदरलँड्समधील कंपनी २००२ साली बंद पडली. गुंतवणूकदारांनी १ लाख युरो मागितले. लोकांनी सात आठवड्यांत वर्गणी जमविली आणि त्याची मूळ संहिता सर्वांना खुली झाली. त्याच साधनावर घडविलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले! कंपनीने टाकलेले पोर गावाने वाढविले, ते असे नाव काढते झाले.

माझे मागणे एवढेच : बंद करण्यापूर्वी वर्षाची मुदत द्या, आमचे लेखन आमच्या लिपीत, कोठेही उघडेल अशा रूपात परत द्या, आणि तुम्हांला नको असलेले साधन ज्यांना हवे त्यांच्या स्वाधीन करा. कायद्याने हे सक्तीचे व्हावे, असे मला वाटते.

तोवर शहाणपण आपल्याशी. लक्ष्मीपूजनाला आपण वहीला हळदकुंकू वाहतो, कारण ती वही आपल्या घरात असते. यंदा त्या वहीशेजारी आपल्या फोटोंची, पत्रांची, हिशेबांची एक प्रत घरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. मी माझी नवी टिपणे दोनशे पानी वहीत लिहू लागलो आहे. तिला आजवर एकाही कंपनीचा निरोप आलेला नाही.