ईएसआर वाढला म्हणजे नेमके काय झाले?

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. ईएसआर ४२, शेजारी ‘हाय’. मग घरात काळजी, नातेवाइकांचे फोन आणि सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग. ईएसआर हा आजार नव्हे, हे रांगेतल्या माणसाला कुणी सांगितलेलेच नसते.

रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळायचे, ते उभ्या नळीत ठेवायचे आणि पहिल्या तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचे, एवढीच ही चाचणी. वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये सांगितलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

पण पेशी कधी सावकाश बसतात, कधी भराभर, हे का? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, हे शाळेत शिकलेलो असतो. मात्र दोन पेशींच्या मध्ये पोकळी नसते, खारट रक्तद्रव असतो. त्यातले धन आयन पेशीभोवती जमून तिचा भार झाकतात. अतिशुद्ध पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे हे लोटणे मायक्रोमीटरभर दूरवर जाणवू शकते. त्यामुळे प्लास्टिकचे भारित गोळे पाण्यात स्फटिकासारखे ओळीने लागतात. रक्ताइतक्या खारट द्रवात तीच पोच एका नॅनोमीटरच्या आत येते. म्हणजे दोन कण एकमेकांशी कसे वागतील, हे कणांइतकेच भोवतालच्या द्रवावर ठरते.

ईएसआरची सारी गोम इथे आहे. शरीरात दाह किंवा संसर्ग झाला की यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवते. ते वाढले की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि चळत लवकर तळ गाठते. हे प्रथिन पेशींमध्ये पूल बांधते, की फटीबाहेर राहून त्यांना एकमेकींकडे ढकलते, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

दाहाशिवायही आकडा बदलतो. वयाबरोबर आणि गरोदरपणात तो वाढतो. रक्तक्षयात पेशी कमी, त्यामुळे त्यांना खाली बसायला अडथळाही कमी. हिमोग्लोबिन ८ आणि ईएसआर ४२ एकाच कागदावर असताना बाईला धास्ती पडते ती ईएसआरची, हे तर रोजचेच. नळी थोडी तिरकी राहिली तरी आकडा फुगतो. उलट विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात कोयत्याच्या आकाराच्या पेशींची चळत नीट लागत नाही; संसर्ग असूनही ईएसआर कमी दिसू शकतो.

म्हणून धडधाकट माणसाच्या तपासणी पॅकेजमध्ये ही चाचणी घालणे चुकीचेच आहे. स्वस्त आहे, हे काही कारण नव्हे. तिच्यामागून येणाऱ्या एक्स-रे, सोनोग्राफी स्वस्त नसतात. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीचा दाह, काही सांधेविकार, हाडांचा क्षय यांत डॉक्टरांना तिचा खरा उपयोग होतो. आकडा शंभरापुढे गेला, तर मात्र कारण शोधायलाच हवे.

उपचार सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ईएसआर पुन्हा करून ‘उतरला कसा नाही?’ असे विचारण्यातही अर्थ नाही. फायब्रिनोजेन हळूहळू ओसरते, त्यामुळे ईएसआर खाली यायला काही आठवडे जातात. लवकर कळायचे असेल तर सीआरपी करावी.