घरातलं वाय-फाय वाट कुणाला विचारतं?

पीण्यात पत्ता शोधणं सोपं नाही. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, थर्ड फेज, फोर्थ फेज, त्यात पुन्हा क्रॉस आणि मेन. सगळीकडे सारख्याच शेड, सारखीच गेटं. कोल्हापूरकडून माल घेऊन आलेला लॉरीवाला शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी थांबतो. बेकरीवाले अण्णा चहा ओतता ओतता सांगतात, "स्ट्रेट होगी, लेफ्ट तगोळ्ळी." लॉरी तिकडे वळते. अण्णांना कुणी पुरावा मागत नाही.

माझे बाबा इथल्याच एका मशीन शॉपमध्ये काम करतात, त्यामुळे हे दृश्य मी लहानपणापासून बघतेय. पण आपल्या घरातही असा एक अण्णा बसलेला असतो, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

त्या दिवशी आई फोनवर बँकेची वेबसाइट उघडून बसली होती. धाकट्याच्या कॉलेजची फी भरायची होती. वर 'नॉट सिक्युअर' असं काहीतरी आलं, पण नेटचाच काही गोंधळ असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. पान नेहमीसारखंच होतं. तोच रंग, तेच चिन्ह. ग्राहक क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला. पुढच्या चौकटीत एटीएम कार्डाचा पिन मागितला, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, बँक कधी पिन मागते का?"

त्या एका प्रश्नानं आमची फी वाचली. मी तोच पत्ता माझ्या फोनवर मोबाइल डेटानं उघडला. तिथे पिनची चौकटच नव्हती. घरच्या वाय-फायवर आले तर चौकट हजर! आम्ही लगेच बँकेला फोन करून नेट बँकिंग बंद करायला लावलं, पासवर्ड बदलला. मग मी राउटरकडे वळले.

राउटरचं पान उघडायला नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. कनेक्शन जोडायला आलेला माणूस ते तसंच ठेवून गेला होता आणि आम्हीही तीन वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. आत डीएनएसच्या दोन चौकटींत दोन अनोळखी आकडे होते. इंटरनेट देणाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे आमचे नाहीत." म्हणजे बाहेरच्या कुणीतरी आमचा अण्णाच बदलला होता.

हा अण्णा म्हणजे कोण?

आपण वेबसाइटचं नाव लिहितो, पण कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा सांगण्याचं काम डीएनएस करतं. इंटरनेट लहान होतं तेव्हा सगळी नावं एकाच यादीत असायची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे ती यादी होती. यादी हाताबाहेर जायला लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज घरातला फोन, टीव्ही, लॅपटॉप सहसा आधी राउटरला विचारतो आणि राउटर त्याच्यात लिहिलेल्या डीएनएसला. तिथला आकडा बदलला की घरातली प्रत्येक लॉरी चुकीच्या शेडकडे वळू शकते. पत्ता बरोबर लिहिलेला असतो, म्हणून संशयही येत नाही.

हे फक्त आमच्याच घरी घडलं असंही नाही. 'डीएनएस चेंजर' नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरचे डीएनएस बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. पण चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेटच बंद पडलं असतं. म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. पुढे २०१८ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं 'रोमिंग मँटिस' हा प्रकार उघड केला. यात राउटरचे डीएनएस बदलून लोकांच्या फोनमध्ये खोटं अ‍ॅप उतरवलं जायचं. त्यांचे संदेश काही आठवड्यांतच २७ भाषांत पोहोचले, त्यात हिंदी आणि बंगालीही होत्या.

आता राउटर उघडूया

१. राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो. बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये तो टाका, आकडे इंग्रजीत.

२. सगळ्यात आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. हे केलं नाही, तर पुढचं सगळं फुकट.

३. 'इंटरनेट', 'वॅन' किंवा 'डीएचसीपी' या भागात डीएनएस शोधा. आधीच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा, काही बिघडलं तर तो लागतो.

४. 'ऑटोमॅटिक' काढून 'मॅन्युअल' करा आणि नवे आकडे लिहा. गुगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४. धोकादायक साइट अडवणाऱ्या क्वाड९ चे ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. घरात मुलं असतील तर क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३, हे धोकादायक साइटबरोबर प्रौढांच्या साइटही अडवतात. दोन्ही चौकटींत एकाच सेवेचे आकडे टाका. आयपीव्ही६ ची वेगळी चौकट असेल, तर त्याच सेवेचे त्यासाठीचे आकडे तिथेही टाका.

५. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर बंद करा. सेव्ह करून राउटर पुन्हा चालू करा.

काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ही चौकट बंदच असते. तेव्हा त्यांच्या हेल्पलाइनला विचारा. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे, ती फक्त त्या फोनपुरती चालते, पण मोबाइल डेटावरही चालते. आणि आमच्यासारखे अनोळखी आकडे सापडले, तर नुसते बदलून थांबू नका. कंपनीला विचारून राउटर फॅक्टरी रीसेट करा आणि त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

धाकट्याचा प्रश्न

मी आमच्याकडे १.१.१.३ टाकलं. धाकटा लगेच म्हणाला, "म्हणजे तू आता माझ्यावर पाळत ठेवणार?"

मी त्याला शेजारी बसवून राउटरचं पान दाखवलं. या बदलामुळे तो काय बघतो हे मला दिसत नाही, फक्त काही दारं बंद होतात. पण आपण कुठल्या साइटची वाट विचारली, हे ज्याचा डीएनएस असतो त्याला कळतं. आधी ते इंटरनेट कंपनीला कळत होतं, मध्ये चोरांनाही, आता क्लाउडफ्लेअरलाही. अण्णा कुणीही असला तरी त्याच्यावर थोडा विश्वास टाकावाच लागतो. निदान तो आपण निवडलेला असावा.

त्यावर तो म्हणाला, "मी मोबाइल डेटा चालू केला तर?" खरंच होतं. वाय-फाय सोडलं की राउटरचा पहारा संपतो. यूट्यूबच्या आत काय बघायचं, हेही डीएनएस ठरवत नाही. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "काही विचित्र दिसलं तर आईसारखी हाक मार. आम्ही रागावणार नाही."

आईला अजून वाटतं की पासवर्ड टाकून तिनं चूक केली. मी तिला रोज सांगते, चूक राउटरकडे तीन वर्षं न बघणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती. तिनं तर वेळेवर विचारलं. आता नवा अ‍ॅडमिन पासवर्ड तिच्याच वहीत आहे, दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानामागे.

या रविवारी चहा झाला की तुमचा राउटर उलटा करून त्याचं स्टिकर वाचा. जमलं तर घरातल्या सगळ्यांना शेजारी बसवूनच ते पान उघडा.