टाकोची पारख

भाषांतरकाराला न पाहिलेली गावे, न भेटलेली माणसे आणि न चाखलेले पदार्थ यांच्याविषयी रोज लिहावे लागते. काही वर्षांपूर्वी एका लेखात ‘टाको’ हा शब्द आला, तेव्हा ‘सारण भरलेली मक्याच्या भाकरीची घडी’ असे बेधडक लिहून मी मोकळा झालो होतो. गेल्या वर्षी अमेरिकेत, टेक्सासमधील सॅन अँटोनिओ या शहरी, थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. “येथे उत्तम टाको कोठे मिळतो?” असे मी मेहुण्यांना सहज विचारले. ते हसून म्हणाले, “हा प्रश्न या गावात सहज विचारू नये. कोल्हापुरात उभे राहून उत्तम मिसळ कोठली, असे विचारण्यासारखे आहे ते.”

वाचकहो, त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. न्याहारीच्या टाकोचा मान सॅन अँटोनिओचा की शेजारच्या ऑस्टिनचा, यावरून २०१६ मध्ये एवढा वाद माजला की, अखेर दोन्ही शहरांच्या महापौरांनी एकत्र बसून, लटक्या गांभीर्याने का होईना, तह केला!

या अभिमानाचे मूळ इतिहासात आहे. १८३६ पर्यंत टेक्सास हा मेक्सिकोचा प्रांत होता. १८४५ मध्ये तो अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाला. तेथील मेक्सिकन कुटुंबे जागची हलली नाहीत. सरहद्द मात्र त्यांच्या अंगणातून पलीकडे सरकली. त्यांच्या चुलीवर गहू, जिरे, गोमांस आणि पिवळे चीज यांची मक्याशी व मिरचीशी जी सोयरीक जमली, तिला आज ‘टेक्स-मेक्स’ म्हणतात. डायना केनेडी या विदुषीने १९७२ मध्ये मेक्सिकन पाककलेवर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून अस्सल मेक्सिकन निराळे आणि टेक्स-मेक्स निराळे, असा भेद रूढ झाला आणि टेक्स-मेक्सकडे बाटलेले अन्न म्हणून पाहण्याची चाल पडली. परंतु मिरची, बटाटा व टोमॅटो ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली असूनही आपल्या रश्शाला कोणी बाटलेला म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात रांधलेले अन्न त्या घराचेच होय.

असो. पहिल्या दिवशी आम्ही कडक टाको खाल्ला. आधीच तळून घडी घातलेले कवच, आत खिमा, कोशिंबिरीचा पाला आणि किसलेले चीज. पहिल्याच घासाला कवचाचे तुकडे झाले आणि सारण बशीत सांडले. जगभर टाको म्हणून ज्याची ओळख झाली तो हाच. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो गावी १९३७ मध्ये लुसिया रॉड्रिग्ज या बाईंनी मित्ला कॅफे सुरू केले. रस्त्यापलीकडे ग्लेन बेल नावाच्या गृहस्थांचे खाद्यपदार्थांचे दुकान होते. ते मित्लामध्ये येऊन टाको खात आणि तो करण्याची रीतही तेथेच शिकले. १९६२ मध्ये त्यांनी डाउनी येथे ‘टाको बेल’ची स्थापना केली. पुढे ते नाव देशोदेशी गेले. मित्ला मात्र आपल्या गावातच राहिले.

दुसऱ्या दिवशीचा टाको फुगीर होता. मक्याच्या ओल्या पिठाची चकती कच्चीच कढईत सोडतात; ती पुरीसारखी टम्म फुगते आणि तेलात असतानाच मधोमध दाबून तिला घडी घालतात. वरून खुसखुशीत, आतून मऊ! सॅन अँटोनिओच्या बेसबॉल संघाचा एक शुभंकर म्हणजे फुगीर टाकोचे सोंग घेतलेला माणूस आहे, यावरून तेथील लोकांचे प्रेम ओळखावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गव्हाच्या मऊ पोळीत अंडे व बटाटा भरलेला न्याहारीचा टाको घेतला. आमची ताई शाकाहारी. तिने मला आधी बजावले, “अरे, बटाट्याचा माग, पण पोळीत डुकराची चरबी आहे का ते विचारून घे. घोटलेल्या घेवड्यातही ती असते, आणि भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात.” टेक्सासला जाणाऱ्या शाकाहारी वाचकांनी ताईचा हा सल्ला गाठीशी बांधावा.

चौथ्या दिवशी आम्ही अगदी पहाटे एका लहानशा खाणावळीत गेलो. दार उघडताच जो वास आला, तो माझ्या ओळखीचा वाटला. पण कशाचा ते आठवेना. शेगडीपाशी एक वयस्क बाई ओल्या पिठाचे गोळे दाबून तव्यावर टाकत होत्या. या पिठाला तेथे ‘मासा’ म्हणतात. शाकाहारी वाचकांनी दचकू नये! शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या भाचीमार्फत मी त्यांना वासाविषयी विचारले. त्यांनी कोपऱ्यातले पातेले दाखवले. चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवलेला मका त्यात होता. तो वास आजीच्या पानाच्या डब्यातला होता.

बाई म्हणाल्या, “तयार पीठही चुन्याच्या मक्याचेच असते. पण ताज्याची गोडी त्याला येत नाही.” त्यांच्या टाकोत घेवडा, कांदा आणि साल्सा याखेरीज काही नव्हते. तरीही चार दिवसांत भाकरीची चव मला प्रथमच कळली.

या चुन्याची कथा रुचीपुरती नाही. मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या संस्काराविना शरीराला फारसे मिळत नाही. मेक्सिकोतील स्त्रिया हजारो वर्षे हा संस्कार करीत आल्या. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. संस्कार मागेच राहिला. मग जेथे गरिबांनी केवळ मक्यावर दिवस काढले, तेथे पेलाग्रा हा रोग आला. त्यात कातडी खरखरीत होते, जुलाब लागतात, बुद्धिभ्रंश होतो आणि अखेर मृत्यू. १७३५ मध्ये स्पेनमधील कासाल या वैद्यांनी त्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले. हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अनेक वर्षे झटून सिद्ध केले. नायासिनचा उलगडा १९३७ मध्ये झाला. आपल्याकडेही दख्खनमध्ये जवळजवळ ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळे आणि हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. भाकरीला डाळीची सोबत हवी, हे आपल्या घरांनीही विसरू नये.

धान्य उचलले आणि ते रांधणारीला विचारायचे राहून गेले, म्हणून एवढी माणसे दगावली. हीच चूक लहान प्रमाणात आपण खाणावळीतही करतो. सारण काय, असे विचारतो. भाकरी कोणी व कशी केली, हे विचारीत नाही. तेव्हा वाचकहो, टाकोची पारख करायची असेल, तर फलक व गर्दी यांच्याकडे न पाहता तव्याकडे पाहावे. तेथे भाकरी ताजी पडत असेल, तर खुशाल बसावे.

माझ्या जुन्या भाषांतरात ‘सारण’ आधी आणि ‘भाकरी’ नंतर आली होती. पुन्हा संधी मिळाली, तर शब्दांचा तो क्रम मी बदलीन.