वाळवंटांतील रंगमंदिरें

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत फिनिक्स नांवाचें महानगर आहे. सभोंवार सोनोरन वाळवंट. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर सहज चढतो आणि पाऊस बेताचाच. अशा ठिकाणीं गायनवादनास कोण आश्रय देणार, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. परंतु कला पावसावर पोसत नाहीं, ती लोकांच्या आस्थेवर पोसते, हें तेथील दोन वास्तूंच्या इतिहासावरून दिसून येतें.

पहिली वास्तु फिनिक्सला लागूनच असलेल्या टेंपी गांवीं आहे. १९५७ सालीं इराक सरकारनें बगदाद येथें संगीतनाट्यगृह उभारण्यासाठीं विख्यात स्थापत्यविशारद फ्रँक लॉइड राइट यांस पाचारण केलें. राइट तेव्हां नव्वदीच्या घरांत होते. त्यांनीं आराखडे केले. पण १९५८ च्या जुलैंत तेथें राज्यक्रांति झाली, राजा फैजल मारला गेला आणि ती योजना कागदावरच राहिली. इकडे टेंपी येथील विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रेडी गॅमेज यांस मोठें सभागृह हवें होतें. राइट हे त्यांचे स्नेही. बगदादसाठीं योजिलेल्या कल्पनेलाच मग येथें नवें रूप मिळालें. दैवदुर्विलास असा, कीं १९५९ सालीं हे दोघेही निवर्तले. तथापि राइट यांच्या शिष्यांनीं काम तडीस नेलें, आणि १९६४ च्या सप्टेंबरांत यूजीन ऑर्मंडी यांच्या नेतृत्वाखालील फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदानें तेथें पहिली मैफल केली. सभागृहास गॅमेज यांचेंच नांव दिलेलें आहे.

या वास्तूची रचना मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. आसनें सुमारें ३०००; तरीही शेवटचा श्रोता रंगमंचापासून अवघ्या ११५ फुटांवर बसतो. वरचा सज्जा मागील भिंतीस जोडलेला नाहीं. मध्यें पोकळी ठेवल्यामुळें सूर सज्ज्याच्या मागूनही फिरतात. सज्ज्याखालीं बसणारास गाणें दबून ऐकूं येतें, ही रसिकांची नेहमींची तक्रार. तिच्यावर येथें बांधणींतच उपाय योजिला आहे. स्वस्त तिकिटाच्या श्रोत्यासही सूर पुरता मिळावा, यांत आम्हांस मोठेंच सौजन्य दिसतें.

दुसरें मंदिर म्हणजे फिनिक्स शहरांतील ऑर्फियम. हें १९२९ च्या जानेवारींत उघडलें. स्पॅनिश धर्तीची नक्षी, आणि छतावर आकाशाचा देखावा, त्यांत दिव्यांच्या योगानें सरकणारे ढग! पुढें त्यास उतरती कळा लागली. शहरांत १९७२ पासून सिंफनी हॉल हें नवें सभागृह होतेंच. मग जुन्याचें ओझें कशाला, असें म्हणणें सोपें होतें. परंतु नगरपालिकेनें १९८४ सालीं ऑर्फियम विकत घेतलें आणि जीर्णोद्धार करून १९९७ सालीं तें पुन्हां लोकांस खुलें केलें.

जेथें पाण्याचीच चिंता, तेथें गाण्यावर सार्वजनिक पैसा कां वेंचावा, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें, कीं जेथें प्रखर उन्हामुळें माणसें घराघरांत कोंडलीं जातात, जेथें बहुसंख्य कुटुंबें दूरदूरच्या गांवांहून येऊन वसलेलीं असतात, तेथें चार अनोळखी जीवांस एका ठिकाणीं बसवून एकच सूर ऐकविणारी जागा ही चैन नव्हे. विहीर शरीराची तहान भागविते, रंगमंदिर शेजारधर्माची. ज्या नगरानें दोन्ही राखलीं, तें वाळवंटांत असूनही ओसाड म्हणतां येणार नाहीं.