पगाराविना सांगितलेला भाव

शिरूर-घोडनदीच्या पेठेत काय किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीत काय, पंचाहत्तरी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली आणि गोष्ट महागाईवर आली, म्हणजे साठ सालानंतरच्या चार-पाच वर्षांची आठवण हटकून निघते. दहा ग्रॅम सोने शंभर-सव्वाशे रुपयांत येत होते, पोस्टकार्ड पाच नव्या पैशांत देशाच्या कोणत्याही टोकास जात होते, पाहुणा आला तर रुपयात त्याची सरबराई होत होती, असा पाढा सुरू होतो, आणि ऐकणारी तरुण मंडळी आपण भलत्याच युगात जन्मास आलो अशा समजुतीने हळहळतात. हे आकडे खोटे आहेत असे नाही. परंतु वादीची साक्ष घ्यावी आणि प्रतिवादीस कचेरीत न बोलाविताच निवाडा द्यावा, तसा प्रकार या गोष्टींत घडतो. भाव सांगितला जातो, मिळकत सांगितली जात नाही. आणि मिळकतीवाचून सांगितलेल्या भावास माहिती म्हणून काडीची किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे का घडते, त्याचे कारणही उघड आहे. आज जे पंचाहत्तरीत आहेत ते त्या वेळी दहा-बारा वर्षांचे होते. वाण्याकडे गूळ, चहा किंवा रॉकेल आणण्यास दिवसातून दोनदा पिटाळले जाणारे ते मूल होते, म्हणून जिनसांचे भाव त्याला तोंडपाठ झाले. वडिलांच्या पगाराचा आकडा मात्र घरात मोठ्याने उच्चारण्याचा शिरस्ताच नव्हता, आणि महिनाअखेरीस आईने कोणाकडून काय उसने आणले हे मुलांना कळू न देणे हा तर गृहिणीधर्माचाच भाग मानला जाई. स्मृतीत खर्चाची बाजू उतरली ती अशी, आणि जमेची बाजू कोरी राहिली.

ती जमेची बाजू दौंडमध्ये बऱ्याच अंशी निश्चितपणे सांगता येते, कारण दौंड हे सरकारी पगाराचे गाव. वाफेच्या इंजिनांचा तो काळ. पुण्याकडून येऊन मनमाडच्या मार्गास लागणाऱ्या गाडीला येथे तोंड फिरवावे लागे, एका टोकाचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडले जाई, बारामतीची अरुंद रुळांची गाडीही येथूनच सुटे, आणि या साऱ्या उलाढालीवर शेकडो कुटुंबांचा संसार चाले. केंद्र सरकारच्या दुसऱ्या वेतन आयोगाने 1959 साली सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यासाठी मूळ वेतन 70 आणि महागाई भत्ता 10, असे दरमहा 80 रुपये ठरवून दिले. तेवढ्यात भागत नाही, भत्त्याची सांगड प्रत्यक्ष महागाईशी घाला, या मागणीसाठी 11 जुलै 1960 च्या मध्यरात्रीपासून रेल्वे, टपाल आणि इतर खात्यांतील कर्मचाऱ्यांनी देशभर संप पुकारला. सरकारने वटहुकूम काढला आणि पाच दिवसांत संप मोडला. ज्या काळाची स्वस्ताई आज आपण आळवतो, त्याच काळात ज्यांना ती भोगावयाची होती ती माणसे नोकरी पणास लावून महागाई भत्ता मागत होती, ही गोष्ट त्या बैठकीत कोणीतरी सांगावयास हवी.

आता ऐंशी रुपयांना ते पाच नव्या पैशांचे पोस्टकार्ड लावून पाहा. महिन्याच्या साऱ्या पगारात सोळाशे कार्डे येत. आज केंद्र सरकारचे किमान मूळ वेतन 18 हजार रुपये आहे आणि कार्ड पन्नास पैशांचे. म्हणजे भत्ते बाजूस ठेवूनही छत्तीस हजार कार्डे येतात. त्या वेळचे कार्ड, घेणाऱ्याच्या दृष्टीने, आजच्या बावीसपट महाग होते. कार्डाच्या कडेकडेने, पत्त्याच्या बाजूसही जागा सापडेल तेथे मुंगीच्या अक्षरात मजकूर भरण्याची जी रीत होती, तिचे मूळ हौसेत शोधण्याचे कारण नाही.

सोन्याचा हिशेब मात्र उलट पडतो, आणि आपल्या प्रतिपादनास अडचणीचा म्हणून तो दडविणे लबाडीचे होईल. दहा ग्रॅम सोन्यास तेव्हा सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचा सुमारे दीड महिन्याचा पगार पडे. आज लाखावर गेलेल्या भावाने पाच महिन्यांचे मूळ वेतनही पुरत नाही. तेव्हा मुलीच्या बापाने त्या काळाचा हेवा केला तर त्यास दोष देता यावयाचा नाही. फक्त त्याने हेही ध्यानात ठेवावे, की 1963 च्या जानेवारीत, चीनच्या आक्रमणानंतरच्या टंचाईत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले, चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली आणि गावोगावचे सोनार बेकार झाले.

शिरूरकडे वळले म्हणजे दरमहा पगार ही गोष्टच विरळा होते. पर्जन्यछायेतला हा तालुका, ज्वारी-बाजरीवर जगणारा; चिंचणीजवळील घोड धरणाचे पाणी अद्याप शेतात खेळू लागले नव्हते. 1956-57 च्या दुसऱ्या शेतमजूर चौकशीत पुरुषाची सरासरी मजुरी दिवसास 96 नये पैसे आणि स्त्रीची 59 नये पैसे भरली. हे आकडे देशाचे आहेत; परंतु अवर्षणाच्या टापूत, जेथे सुगी सरली की काम सरे, तेथे मजुरास त्याहून बरे दिवस असतील असे मानण्यास आधार नाही.

अशा माणसाचा पैशाशी संबंध यावयाचा तो आठवड्याच्या बाजारी. जोंधळ्याच्या राशीपुढे उकिडवा बसलेला मापारी पायली राशीत खुपसून वर उचली, डाव्या हाताने धान्य चढवून शीग लावी, आणि एक असे न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणीस प्रारंभ करी. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, बारा पायल्यांचा मण, असा हिशेब. शीग कितपत चढावी आणि पायली उलटी होण्यापूर्वी तिच्यातले किती दाणे पुन्हा राशीत ओघळावेत हे मापाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. विकत घेताना शीग उंच आणि विकताना बसकी, ही तक्रार जुनीच. 1 एप्रिल 1962 पासून देशभर किलोग्रॅम सक्तीचा झाला. लोखंडी वजनांवर सरकारी शिक्का आला, शेर-पायली कायद्याने बाद झाली, आणि घराघरांत, सालगड्याच्या करारात, बलुत्याच्या वाट्यात ती पुढेही वर्षानुवर्षे निमूटपणे चालू राहिली. दशमान पद्धतीने गरिबास ठकविले असा त्या वेळी ओरडा झाला. वजनांच्या बाबतीत तो मला पटत नाही, कारण तराजूचा काटा शिगेपेक्षा अधिक प्रामाणिक होता.

नाण्यांच्या बाबतीत मात्र त्या ओरड्यात तथ्य होते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. जुना रुपया चौसष्ट पैशांचा, म्हणून जुन्या एका पैशाचा दीड नया पैसा आणि वर किंचित; पण अर्धा नया पैसा टाकसाळीत पाडलेलाच नव्हता, सबब सरकारी कोष्टकाने एका पैशास दोन नये पैसे ठरविले, एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, चार आण्यांस पंचवीस. जो रुपया मोडून रुपयाचा जिन्नस घेई त्याचे काहीच गेले नाही. जो एक पैशाची तंबाखू आणि एक पैशाचे मीठ-मिरची घेई, त्यास चौसष्ट वेळा मिळून एक रुपया अठ्ठावीस नये पैसे मोजावे लागले. थोड्या-थोड्याने घेणारा हा नेहमीच गरीब असतो. त्याच्यावर बसलेला हा अठ्ठावीस टक्क्यांचा अघोषित कर कोणत्याही अंदाजपत्रकात आला नाही.

बातमीचा भावही मिळकतीशी लावूनच पाहावा लागतो. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची अगदी पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती शिरूरवरूनच, आणि पुढे याच सडकेने पुण्याची वर्तमानपत्रे शिरुरास व आगगाडीने दौंडास पोहोचू लागली. 1962 च्या जूनपासून मुंबईच्या ‘महाराष्ट्र टाइम्स’ची त्यांत भर पडली. अंक घेणारा एखादा, वाचणारे अनेक, आणि ऐकणारे त्याहून अनेक, असा तो व्यवहार होता. केशकर्तनालयात, वाचनालयात, चहाच्या हॉटेलात एकाच अंकाची पाने वेगवेगळ्या हातांत फिरत. रेडिओ घरात ठेवावयाचा तर संचाची किंमत निराळी आणि वर दरसाल पंधरा रुपयांचा परवाना निराळा. ऐंशी रुपयांच्या पगारात हे साडेपाच दिवसांचे श्रम झाले. म्हणूनच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशेच्या आसपास गावांत जी श्रोतृमंडळे चालविली, त्यांचे महत्त्व मला नभोनाट्यांपेक्षाही अधिक वाटते: गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ती योजना होती, आणि 1959 पासून ती देशभर नेण्यात आली. मोबाईलवर एकेकट्याने बातमी गिळणाऱ्या आजच्या वाचकास यात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

काही वार्तांना वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नसे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटली, पुण्याच्या पेठा बुडाल्या; ते पाणी मुळा-मुठेच्या पात्राने रांजणगाव सांडसपाशी भीमेस मिळाले आणि तसेच खाली दौंडाकडे गेले. पुणे शहराची कहाणी पुष्कळांनी लिहिली, या खालच्या काठाची फारच थोड्यांनी.

करमणूक तेवढी खरोखर स्वस्त होती. ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे मुक्काम ठोकला, तरी खेड्यातला माणूस सिनेमा पाही तो बहुधा जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून; आणि नारायणगावच्या विठाबाई किंवा तुकाराम खेडकर यांच्यासारख्यांचा तमाशाचा फड यात्रेस आला, तर त्याची सुपारी गावाच्या लोकवर्गणीतून दिली जाई. ज्याच्याकडे दहा एकर त्याने अधिक घालावी, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने मुकाट्याने मागे बसून रात्रभर वग पाहावा. त्या स्वस्ताईचे श्रेय बाजारभावाला द्यावयाचे की पट्टी गोळा करणाऱ्या पंचांना, हे वाचकांनीच ठरवावे.

ऑगस्ट 1963 मध्ये लोकसभेत नेमका हाच मिळकतीचा हिशेब निघाला. सत्तावीस कोटी लोक रोजच्या तीन आण्यांवर जगतात, असे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सांगितले. पंधरा आणे, असे पंतप्रधान नेहरूंकडून उत्तर आले. नये पैसे येऊन सहा वर्षे लोटली होती, तरी देशाचे दारिद्र्य सभागृहात आण्यांतच मोजले गेले! लोहियांचा आकडा तळच्या माणसांचा होता आणि सरकारचा सरासरीचा, त्यामुळे दोघेही आपापल्या परीने बरोबर होते असे म्हणण्याची सोय आहे. मला ती सोय नको. जिच्यात गिरणीमालक आणि शिरूरचा सालगडी एकाच पंगतीस बसतात ती सरासरी त्या सालगड्याच्या उपयोगाची नाही, आणि त्याचाच प्रश्न चालू होता.

हा वाद आज पुन्हा नीट मांडावयाचा तर साधने दिल्लीत नाहीत, येथेच आहेत. घोडनदी, तळेगाव ढमढेरे, पाबळ, केडगाव, पाटस आणि दौंड येथील जुन्या दुकानांच्या माळ्यांवर त्या वर्षांच्या रोजमेळाच्या व खतावणीच्या लाल चोपड्या कोठे ना कोठे असतील. भाव काय होता एवढेच त्यांत नाही, कोणी किती उधार नेले आणि ते किती महिन्यांनी फेडले याचाही तपशील आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या ट्रंकांत पगाराच्या चिठ्ठ्या असतील. ज्यांच्या घरी हे दप्तर असेल त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयास किंवा जवळच्या महाविद्यालयास द्यावे, ऋणकोंची नावे उघड करावयाची नसतील तर ती झाकून द्यावे. आणि वाचनालयांनीही जागा नाही ही सबब सांगू नये.